घरच्या संग्रहासाठी निःशब्द संगणक

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावांत अनेक घरांमध्ये दूरचित्रवाणी संच आहे. त्यावर बाहेरून येणारे कार्यक्रम दिसतात. मात्र घरच्या मालकीचे जे चित्र आणि जो ध्वनी, त्याची सोय बहुधा लागलेली नसते. आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट ट्रंकेत पडून असते, लग्नाचे चित्रण एखाद्या सीडीवर असते आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतात. कॅसेटची फीत चिकटली किंवा मोबाइल बिघडला, की तो ठेवा कायमचा हरपतो. हा ठेवा एकत्र ठेवून इंटरनेटवाचून घरच्या पडद्यावर पाहता-ऐकता यावा, यासाठी एका लहानशा संगणकापासून मुळीच आवाज न करणारे यंत्र घरीच सिद्ध करता येते.

एकाच बोर्डावरील संगणक

ज्याचे सर्व मुख्य भाग एकाच छापील बोर्डावर बसविलेले असतात, असा ‘रास्पबेरी पाय’ हा संगणक ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आला. विद्यार्थ्यांना संगणकशास्त्र स्वस्तात शिकता यावे, हा त्यामागील हेतू होता. सुमारे ८५ मिलिमीटर लांब व ५६ मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ बँकेच्या कार्डाएवढा हा बोर्ड दूरचित्रवाणी संचाला जोडला की त्याचा पडदा संगणकाचा पडदा होतो.

नेहमीच्या टेबलावरील संगणकाचा आवाज मुख्यतः दोन गोष्टींचा असतो : उष्णता बाहेर टाकणारा पंखा आणि फिरती हार्ड डिस्क. लहान बोर्डाला चित्रफीत दाखविताना साधारणपणे पाच वॅटच्या आसपास वीज पुरते. उष्णता मुळातच कमी असल्याने पंख्याची गरज उरत नाही, आणि फिरत्या डिस्कची जागा मेमरी कार्ड घेते. जुन्या ध्वनिमुद्रणातील क्षीण आवाज ऐकताना ही निःशब्दता मोलाची ठरते. शिवाय काळ्या रानातल्या गावात तिचा आणखी एक लाभ आहे. पंखा धूळ आत ओढतो आणि धुळीनेच निकामी होतो. जेथे फिरणारा भागच नाही, तेथे झिजण्यासारखे फारसे काही उरत नाही.

परभणीच्या उन्हाळ्याचा विचार

पंखा नसला, तरी उष्णतेला वाट हवीच. चिपचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ लागले, की हा संगणक स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतो आणि चित्र अडखळू लागते. खोली २५ अंशांवर असेल तर ही मर्यादा ५५ अंश दूर असते. परभणीच्या मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली, तर ती केवळ ३८ अंशांवर येते. म्हणून साधी प्लास्टिकची पेटी टाळावी. ज्या ॲल्युमिनियमच्या पेटीचा आतील भाग उष्णतावाहक गादीच्या साहाय्याने चिपला टेकतो, अशी पेटी घ्यावी. मग सारी पेटीच उष्णता हवेत सोडते. ती बंद कपाटात, सेट टॉप बॉक्सवर किंवा तापणाऱ्या पत्र्यालगत ठेवू नये.

बोर्डाची निवडही याच दृष्टीने करावी. २०१९ चा ‘पाय ४’ हा नमुना प्रचलित ‘एच.२६४’ आणि ‘एच.२६५’ या दोन्ही पद्धतींनी साठविलेले चित्र उलगडण्यासाठी खास मंडलाचा उपयोग करतो. त्यामुळे मुख्य चिपवरील भार हलका राहतो. २०२३ चा ‘पाय ५’ अधिक वेगवान असला, तरी तो अधिक तापतो आणि त्यात ‘एच.२६४’साठी असे मंडल नाही. नवे ते सर्वच कामांना अधिक सोयीचे, असे येथे म्हणता येत नाही.

जुळणीचा क्रम

बोर्ड, धातूची पेटी, ५ व्होल्ट व ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर, ३२ जीबीचे मेमरी कार्ड, मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय अशी तार आणि संग्रहासाठी वेगळा पेन ड्राइव्ह एवढे साहित्य लागते. दुसऱ्या संगणकावर ‘लिब्रेईलेक’ ही मोफत प्रणाली उतरवून कार्डावर लिहून घ्यावी. तिच्यात ‘कोडी’ हा चित्र व ध्वनी दाखविणारा कार्यक्रम अंतर्भूत असतो. कार्ड बोर्डात बसवावे, वीज-जोडणीलगतच्या खाचेत मायक्रो एचडीएमआयचे टोक लावावे आणि शेवटी वीज सुरू करावी. बहुतेक नव्या संचांचा रिमोटच या यंत्राला चालतो. त्यासाठी संचाच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसीची सोय सुरू करावी लागते.

दररोज चार तास वापर झाला, तर पाच वॅटच्या हिशेबाने यंत्राला महिन्याकाठी सुमारे ०.६ युनिट वीज लागेल. दूरचित्रवाणी संचाची वीज अर्थातच वेगळी. खरी चिंता खर्चाची नसून वीज अवचित जाण्याची आहे. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली, तर त्यावरील प्रणाली बिघडू शकते. म्हणून यंत्र नेहमी पडद्यावरील सूचीतून बंद करावे, तयार कार्डाची एक प्रत जवळ ठेवावी आणि संग्रहाची दुसरी प्रत अन्य घरी सांभाळावी.

संग्रह कशाचा करावा

कॅसेटवरील आवाज उतरवून घेण्यासाठी टेपरेकॉर्डर साध्या संगणकाच्या ध्वनिप्रवेशाला जोडून ‘ऑडॅसिटी’ या मोफत कार्यक्रमात मुद्रण करता येते. मूळ प्रत ‘फ्लॅक’ स्वरूपात ठेवावी, म्हणजे आवाजातील काही गळत नाही. प्रत्येक मुद्रणाबरोबर म्हणणाऱ्याचे नाव, गाव, वर्ष आणि प्रसंग लिहून ठेवावा. ही माहिती नसेल, तर पुढच्या पिढीला तो आवाज अनोळखीच राहील.

दुसऱ्याच्या निर्मितीबाबत कायद्याचे भान हवे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमानुसार चित्रपट व ध्वनिमुद्रण यांवरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. फुकट चित्रपट दाखविणाऱ्या अनधिकृत जोडण्यांपासून दूर राहावे.

हे यंत्र शाळेत किंवा ग्रामपंचायतीतही चालू शकेल. एकत्र बसून ऐकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या सहकार्याने पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रवणमंडळांचा प्रयोग केला. गावकरी ठरल्या वेळी कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. त्या श्रोत्यांना प्रसारणाच्या वेळेशी जुळवून घ्यावे लागे. या यंत्रावर शेतीचा किंवा आरोग्याचा कार्यक्रम मध्येच थांबवून शंका विचारता येते, तोच भाग पुन्हा दाखविता येतो. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने एक यंत्र जुळवावे आणि पहिले काम म्हणून गावातील सर्वांत जुनी कॅसेट उतरवून घ्यावी. बोर्ड केव्हाही विकत मिळेल. फितीवरचा आवाज मात्र दर उन्हाळ्यागणिक क्षीण होत जातो.