संगणक चिठ्ठ्या कशा काढतो?

समजा, भिवंडीजवळच्या कोन येथील शाळेत अ, ब, क या तीन विद्यार्थ्यांची ध्वनिमुद्रित भाषणे एका फोल्डरमध्ये आहेत. कोणाचे आधी ऐकवायचे? कोणावर अन्याय नको, म्हणून संगणकानेच क्रम पिसावा असे ठरले.

सोपी वाटणारी रीत अशी : प्रत्येक स्थानावरच्या फाइलीची, चिठ्ठीत निघेल त्या स्थानावरच्या फाइलीशी अदलाबदल करायची. अशा वाटा 3×3×3 = 27. पण क्रम तर सहाच! 27 ला 6 ने निःशेष भाग जात नाही. तीन क्रमांच्या वाट्याला 5-5 वाटा येतात, उरलेल्या तिघांच्या वाट्याला 4-4. म्हणजे अन्याय झालाच!

मग उपाय? तिन्हींतून चिठ्ठीने एक फाइल निवडून शेवटच्या स्थानी पक्की करा. मग उरलेल्या दोहोंत तसेच करा. वाटा 3×2 = 6; प्रत्येक क्रमाला नेमकी एक. ही युक्ती फिशर आणि येट्स यांनी 1938 मध्ये सांगितली. 1964 मध्ये ड्यूरस्टेनफेल्ड यांनी ती संगणकाच्या सोयीची केली.

लिनक्समधील ‘शफ’ या आज्ञेला फाइलींच्या नावांची यादी दिली, की ती पिसून मिळते. मूळ फाइली मात्र जागच्या हलत नाहीत. नवा क्रम टिकवायचा तर नावांआधी 01, 02 असे आकडे जोडावे लागतात.

आता पहिल्या रीतीच्या 27 वाटा वहीत मांडून पाहा. कोणते तीन क्रम लाडके ठरतात?