दप्तराने दप्तराला कळवावे



जमीन एकच असते, पण तिचे कागद निरनिराळ्या कचेऱ्यांत असतात. खरेदीखत नोंदवतात ते दुय्यम निबंधक. सातबारा असतो तलाठ्याकडे. (2024 पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) मोजणीचा नकाशा तिसऱ्याच कचेरीत.

एका कचेरीतली गोष्ट दुसरीला कळली नाही तर काय होईल? समजा, तुम्ही शेत विकत घेतले. पैसे दिले, खरेदीखत झाले. पण सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव राहिले. उद्या तो त्याच शेतावर कर्ज काढील. मग तुम्ही बसा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत!

म्हणून 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्यात सोय केली आहे. शेतजमिनीचा दस्त नोंदला, की निबंधकाने तलाठ्याला आणि तहसीलदाराला तसे कळवायचे. पूर्वी ही सूचना कागदावर जाई. आता ती संगणकावरून जाते.

पण सूचना आली, की लगेच नाव बदलले, असे होत नाही. तलाठी फेरफाराची नोंद धरतो. ती चावडीवर लावतो. संबंधितांना नोटीस देतो. हरकत घ्यायला 15 दिवस मिळतात. हरकत नसली तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद मंजूर करतात. त्यानंतर सातबारा बदलतो.

ही मुदत कशासाठी? संगणक खरे जसे झटकन पोचवतो, तसे खोटेही पोचवतो. म्हणून नोटीस आली तर नुसती सही करून ती फळीवर टाकू नका. आता तुम्हाला वाचता येते. गट नंबर पाहा, क्षेत्र पाहा, नाव पाहा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरचा कर्ता वारला, तर तिथे खरेदीखत नसते. मग निबंधक काय कळवणार? ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद केली, म्हणजे वारसाची नोंद झाली असे समजू नका. 3 महिन्यांच्या आत वारसांनी स्वतः तलाठ्याकडे वर्दी द्यावी. वर्दी तोंडी दिली तरी चालते. पण लेखी पोच मागून घ्या. ती देणे तलाठ्याला बंधनकारक आहे. वारसांत विधवा येते, मुलीही येतात. त्यांची नावे गाळू नका.

दप्तराने दप्तराला कळवावे, हे खरे. पण आपल्या शेताची राखण आपणच करायची असते. तशीच आपल्या कागदाचीही.

प्रश्न :
1. खरेदीखत झाल्यावर तलाठ्याला कोण कळवतो?
2. हरकत घ्यायला किती दिवस मिळतात?
3. तुमच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत? उतारा काढून वाचा.