गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर...

गौरी-गणपतींचं विसर्जन आटोपून आम्ही चिपळूणहून कराडकडे निघालो होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत नारळांचं पोतं. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट लागला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. आरपीएमचा काटा 4 हजारांवर, गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं. पाठोपाठ जळका वास. क्लच घसरत होता.

हा क्लच सात महिन्यांपूर्वीच नवा घातला होता!

फेब्रुवारीत, 92 हजार किलोमीटरला, जुना क्लच संपला तेव्हा गिअरबॉक्स खाली उतरवून मिस्त्रींनी फोन केला होता. "साहेब, क्रँकचं मागचं सील जुनंच आहे. बदलून टाकू का?" मी विचारलं, "गळतंय का?" "आत्ता तरी नाही." "मग राहू दे." सील आणि ते बसवण्याची मजुरी मिळून सातशे रुपये वाचले, याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं.

गणपतीनंतर तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरला. सील वाळक्या चामड्यासारखं कडक झालेलं आणि प्लेट इंजिनच्या काळ्या तेलानं माखलेली. प्लेटची झीज जवळपास नव्हतीच. पण तेल प्यायलेली प्लेट धुऊन-पुसून वापरता येत नाही. गाडी ओढून आणण्याचे पैसे, नवी प्लेट, नवं तेल आणि तीच मजुरी दुसऱ्यांदा, असे सगळे मिळून चौदा हजार गेले. मिस्त्रींना बोल लावायला जागा नव्हती. त्यांनी विचारलं होतं, नाही मीच म्हटलं होतं.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात. त्यांत क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये दडलेला असतो. तिथवर पोचायचं तर बॅटरी काढा, एक्सल सोडवा, फाउंडेशन खोला, गिअरबॉक्स जॅकवर तोलून खाली घ्या. प्लेट बदलायला लागतो थोडाच वेळ. बाकी सगळी मजुरी वाटेची. नगरपालिका नवा रस्ता करते आणि महिन्याभरात पाण्याच्या पाइपासाठी तोच खणते, यावर आपण हसतो. मी माझ्या गाडीत नेमकं तेच केलं होतं.

तेव्हापासून मी एक नियम धरलाय: ज्या कामासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल, ते आत्ताच करायचं. जिथे नंतरही सहज हात पोचतो, ते थांबू द्यायचं.

या नियमात पहिली येतात ती सीलं. एक इंजिनच्या बाजूचं, क्रँकच्या मागचं. दुसरं गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. यांपैकी कुठलंही गळलं तरी तेल क्लचवरच येतं. गाडी लाखाच्या आसपास चालली असेल तर गळण्याची वाट बघू नये. मात्र सील बसवणारा हात सावकाश हवा. शाफ्टवर ओरखडा उठला किंवा सील तिरकं ठोकलं गेलं, तर जुनं बरं होतं म्हणायची पाळी येते.

दुसरं, रिलीज बेअरिंग. "आवाज नाही, चालेल अजून," असं म्हणून फक्त प्लेट बदलणारे अनेक जण आहेत. पण प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हा एकच संच आहे, तिन्ही सारखीच चाललेली असतात. पुढे क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली की त्या एका बेअरिंगसाठी पुन्हा सगळं खोलावं लागतं. बेअरिंग सरकवणारा फोर्क आणि त्याचं बुशही तेव्हाच हलवून बघावं. काही हायड्रॉलिक क्लचमध्ये स्लेव्ह सिलिंडर बेअरिंगसकट आतच बसवलेला असतो. तसा असेल तर तो बदलूनच गिअरबॉक्स चढवावा. केबलचा क्लच असेल तर केबल नंतरही बदलता येते, तिची घाई नाही.

तिसरं, फ्लायव्हील. त्यावर निळसर डाग, चरे किंवा बारीक तडे दिसले तर नवी प्लेट त्यावर नीट बसत नाही आणि गाडी सुटताना थरथरते. साधं फ्लायव्हील लेथवर फेसिंग करून घेता येतं, पण मापाच्या मर्यादेतच. बऱ्याच डिझेल गाड्यांत मात्र ड्युअल मास फ्लायव्हील असतं. त्याच्या पोटात स्प्रिंगा असतात, म्हणून ते लेथवर देत नाहीत. त्याला प्रमाणाबाहेर खेळ आला असेल तर नवंच घ्यावं लागतं आणि ते क्लच सेटपेक्षाही महाग पडू शकतं. म्हणून गाडी उघडण्याआधीच आपल्या गाडीत कुठलं फ्लायव्हील आहे ते विचारून पैशांची तजवीज ठेवावी.

गिअर ऑइल तर एक्सल काढताना बाहेर येतंच. छोट्या गाडीत ते साधारण दोन लिटर असतं. जुनं गाळून परत ओतू देऊ नका. कुठलं घालायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा. जीएल-4 सांगितलं असताना "त्याहून भारी" म्हणून जीएल-5 घालू नये. त्यातली रसायनं काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

एक्सल बाहेर आहेतच, तर त्यांचे रबरी बूट बोटांनी दाबून बघा. फाटक्या बुटातून पावसाळ्यात चिखल आत शिरतो, आणि मग वळताना जॉइंट टकटक वाजू लागतो. एक्सलची सीलं ओली असतील तर तीही बदलून घ्या. फाउंडेशनची रबरं चिरली असतील तर नवी घाला. खोललेली आहेतच, वेगळी मजुरी नाही.

नियमाची दुसरी बाजूही तितकीच पाळायची. गिअरबॉक्स खाली आहे म्हटल्यावर टायमिंग बेल्ट, प्लग, शॉकअप्स अशी यादी वाढू लागते. ती कामं खोटी नसतील, पण त्यांची वाट वेगळी आहे. त्यांच्यासाठी वेगळा दिवस, वेगळं बिल.

गॅरेजमध्ये गाडी सोडताना मी आता इतकंच सांगतो: "गिअरबॉक्स उतरला की फोन करा, मी बघितल्याशिवाय चढवू नका." जाताना टॉर्च नेतो. इंजिनच्या तेलाचा काळा ओघळ वेगळा दिसतो, गिअर ऑइलचा उग्र वास वेगळा येतो. जुने पार्ट पोत्यात भरून मागतो. गाडी हातात आली की पहिले पाचशे किलोमीटर क्लचला सांभाळून घेतो. चढावर थांबायचं तर हाफ क्लचवर नाही, हँडब्रेकवर.

मिस्त्रींचा फोन अजूनही येतो. "साहेब, हेही बघू का?" पूर्वी मी विचारायचो, "गळतंय का?" आता विचारतो, "नंतर करायचं म्हटलं, तर काय काय उतरवावं लागेल?"