काळी फिल्म काढा, नवी लावा; पण आधी हिशोब शिका



परवाच्या व्हिडिओत मागच्या काचेवरची जुनी फिल्म काढताना दाखवली. बरेच जण म्हणाले, "सर, हात दिसला, पण दर कसा लावायचा ते नाही कळलं." बरोबर आहे. व्हिडिओत हात दिसतो, डोकं दिसत नाही. म्हणून हा धडा. नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर, घोडेगाव, जिथे कुठे तुमचं कार डेकोरचं दुकान आहे किंवा टाकायचा विचार आहे, त्यांनी वही घेऊन बसा.

आधी माझी चूक ऐका

मी स्वतः हे काम करायचो तेव्हाची गोष्ट. टोमॅटोचा एक व्यापारी गाडी घेऊन आला. मागच्या काचेची फिल्म जांभळी पडलेली, फुगे आलेले. फिल्म निघाली, डिंक राहिला. संध्याकाळ झाली होती, मला घाई. ब्लेड घेतलं आणि खरवडून टाकलं. काच आरशासारखी झाली. गिऱ्हाईक खूश, मी खूश.

जुलैमध्ये तो परत आला. माळशेज घाटात धुकं, पाऊस, मागची काच आतून पांढरी, डिफॉगरचं बटण दाबून काही उपयोग नाही. मागून येणारा ट्रक दिसलाच नाही म्हणाला. थोडक्यात वाचला. मी काच बघितली तर डिफॉगरच्या सहा रेघा ब्लेडने कापलेल्या. काच मी माझ्या पैशाने बदलून दिली. त्या महिन्याची कमाई गेली. पण पैशाचं सोडा, माणूस गेला असता तर?

म्हणून पहिला नियम लिहून घ्या: मागच्या काचेला आतून ब्लेड लागता कामा नये. त्या तांबूस रेघा म्हणजे काचेवर भाजून बसवलेले बारीक चांदीमिश्रित पट्टे. रेघ एका जागी तुटली की ती अख्खी रेघ गार पडते.

कायदा: गिऱ्हाइकाला खोटं सांगू नका

आपल्याकडे अजून लोक येऊन म्हणतात, "एकदम काळी कर, आतलं काही दिसायला नको." इथे दुकानदाराची परीक्षा असते.

अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २७ एप्रिल २०१२ ला निकाल दिला आणि ४ मे २०१२ पासून गाडीच्या काचांवर फिल्म चिकटवायला बंदी आली. मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. पुढे नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लेझिंग'लाही, म्हणजे ठरलेल्या मानकाप्रमाणे काचेला प्लास्टिकचा थर असलेल्या प्रकारालाही, जागा मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने याच दुरुस्तीचा आधार घेऊन सांगितलं की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही.

पण तो निकाल केरळचा. चाकणच्या चौकात उभा असलेला हवालदार तुमच्या गिऱ्हाइकाशी केरळवर चर्चा करणार नाही. म्हणून गिऱ्हाइकाला सरळ सांगा: "साहेब, मर्यादेत बसणारी फिल्म लावतो, तिचं बिल आणि कंपनीचं प्रमाणपत्र देतो. तरी रस्त्यात कोणी अडवणारच नाही अशी गॅरंटी माझ्याकडे नाही." शंका असेल तर लावायच्या आधी आरटीओत विचारून घ्यायला सांगा. आणि काळीकुट्ट मागितली तर हात जोडा. ते काम तुमचं नाही.

गुणाकार: इथे सगळे फसतात

फिल्मच्या डब्यावर ५० लिहिलंय म्हणून काच ५० टक्क्यांत बसली, असं होत नाही. काचेचा स्वतःचा रंग असतो. समजा काचेतून आधीच ७५ टक्के उजेड येतोय. त्यावर ५० ची फिल्म लावली. मग ७५ गुणिले ५० भागिले १००, म्हणजे ३७.५ टक्के. दंडाला पात्र!

त्याच काचेवर ७० ची फिल्म लावली तर ५२.५ टक्के. बाजूच्या काचेला जेमतेम चालली.

आता पुढची काच बघा. ७५ वर अगदी ९० ची पारदर्शक फिल्म लावली तरी ६७.५. सत्तरच्या खाली. मागच्या काचेचंही तेच गणित. म्हणजे उजेड मोजायचं मीटर नसेल तर पुढच्या आणि मागच्या काचेला हात लावू नका. मीटर विकत घ्या. एका दंडाच्या भांडणात जेवढी इज्जत जाते, त्यापेक्षा ते स्वस्त आहे.

आणि गिऱ्हाइकाला हेही समजवा की थंडावा काळ्या रंगातून येत नाही. उन्हाची उष्णता अडवणारी फिल्म जवळजवळ पारदर्शकसुद्धा असते. त्याला गाडी गार हवीय की लपायचंय, हे आधी विचारा.

काढण्याचं काम

१. गाडी आत घेण्याआधी गिऱ्हाइकासमोर डिफॉगर चालू करा. पाच मिनिटांनी काचेला हात लावून बघा, गरम होतेय का. चालू की बंद ते जॉबकार्डवर लिहा, सही घ्या. बंदच होता आणि तुम्ही लिहिलं नाही, तर तो तुम्हीच बिघडवला असं होतं.

२. मागच्या सीटवर आणि स्पीकरच्या फळीवर जाड टॉवेल टाका. पाणी तिथेच मुरतं.

३. फिल्म वाफेने किंवा हीट गनने गरम करा. गन एका जागी धरून ठेवू नका, काच तडकते. सतत फिरवत राहा. एप्रिल-मेचं आपलं ऊन असेल तर गाडी आधी तासभर उन्हात लावा, निम्मं काम सूर्य करतो.

४. कोपरा नखाने उचला आणि काचेला जवळजवळ टेकवून हळूहळू ओढा. झटका दिला की वरचा थर निघतो, डिंक काचेवर राहतो. दोन मिनिटं वाचवायला गेलात की तासभर डिंक घासत बसाल.

५. राहिलेल्या डिंकावर साबणाचं पाणी मारा, वरून प्लास्टिक चिकटवा, मुरू द्या. मग प्लास्टिकची पट्टी किंवा मऊ कापड, तेही रेघांच्या दिशेने, आडवं. रेघा उभ्या छेदायच्या नाहीत. बंद गाडीत अमोनिया वापरू नका, छातीत जातो.

६. बाजूच्या काचेला ब्लेड चालतं, पण नवं, ओल्या काचेवर आणि एकाच दिशेने.

लावण्याचं काम

नव्या फिल्मचा शत्रू एकच, धूळ. पुणे-नाशिक रस्त्याला लागून दुकान असेल तर शटर अर्धं ओढा, फरशी ओली करा, पंखा बंद. बाजूची काच थोडी खाली घेऊन वरची कड पुसा, रबराच्या खाचेतली माती काढा. बहुतेक फुगे त्या खाचेतल्या मातीनेच येतात. काच आणि फिल्मचा डिंक दोन्ही भरपूर ओले करा, फिल्म सरकवून जागेवर आणा, मग रबरी पट्टीने मधून कडेला पाणी काढा.

काम झालं की गिऱ्हाइकाला सांगा: तीन-चार दिवस काच खाली घ्यायची नाही, पावसाळ्यात आणखी जास्त. पहिले काही दिवस धुरकट दिसेल, ते पाणी आहे, सुकेल. हे आधी सांगितलं तर ती माहिती असते. त्याने तक्रार केल्यावर सांगितलं तर तो बहाणा वाटतो.

दर कसा लावायचा

"नवी आमच्याकडे लावली तर जुनी फुकट काढून देतो." हा बोर्ड ज्यांनी लावलाय त्यांनी पुढचं नीट वाचा.

समजा भाडं, वीज, दोन पोरांचा पगार मिळून महिन्याला ६०,००० खर्च. २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. तासाला ३०० रुपये. असं वाटतं. पण २०० तास गाडी दुकानात असते का? नसते. चहा, वाट बघणं, उधारीचे फोन. समजा खरं काम १२० तास. मग तासाचा खर्च झाला ५०० रुपये.

पूर्ण गाडीची जुनी फिल्म काढायला साडेतीन तास लागले तर १,७५० रुपये, वर ब्लेड, रसायन, कापड १५० धरा. झाले १,९००. यात तुमचा नफा शून्य. आणि हे तुम्ही "फुकट" म्हणून लिहिलंय!

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे घाला. पण बिलात दोन ओळी वेगळ्या लिहा: काढणे आणि लावणे. मागच्या काचेची तिसरी ओळ, कारण जोखीम तिथे आहे. ओळी वेगळ्या दिसल्या की गिऱ्हाईक घासाघीस करतं, पण काम किती आहे हेही त्याला कळतं.

गृहपाठ

पुढच्या तीन गाड्यांना मोबाइलवर वेळ लावा. काढायला किती, डिंकाला किती, लावायला किती, वहीत लिहा. मग स्वतःचा तासाचा खर्च काढा आणि आजचा तुमचा दर त्याच्या शेजारी लिहा. काहींना त्या रात्री झोप लागणार नाही. लागू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दरपत्रक बदला.

आणि त्या व्यापाऱ्याचं विचाराल तर, काच बदलून दिल्यावर त्याने पुढे त्याच्या दोन्ही गाड्या माझ्याकडेच आणल्या. चूक झाली तर लपवू नका, भरून द्या. आपल्या तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

भेटू पुढच्या धड्यात.