पिकअप पडला म्हणून इंजिन उघडू नका
डिझेल सेडानच्या नेहमीच्या तक्रारी आणि सौद्यातील सचोटी

घरची गाडी तीच दुकानाची गाडी, असा आपल्यापैकी अनेकांचा हिशेब असतो. सकाळी मुलांना शाळेत सोडायचे, दुपारी डिकीत मालाचे गठ्ठे टाकून बाजारपेठ गाठायची आणि सुट्टीत त्याच गाडीने कुटुंबासह गावी जायचे. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी डिझेल सेडान घेतली जाते. काही महिन्यांतच तक्रार सुरू होते, "गाडीला पिकअप नाही." मग कोणी सांगतो इंजिन काढा, कोणी म्हणतो टर्बो बदला. व्यापारात लावायची रक्कम गॅरेजमध्ये जाते. म्हणून या पाठात आम्ही एका परिचित गाडीच्या आधारे हा विषय मांडत आहोत.

मारुतीची स्विफ्ट डिझायर ही सेडान मार्च २००८ मध्ये बाजारात आली. तिच्या डिझेल प्रकारात फियाटच्या आराखड्याचे १२४८ सीसीचे टर्बो इंजिन होते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे आज मिळणारी प्रत्येक डिझेल डिझायर जुनी आहे. सुरुवातीच्या वर्षांतील गाड्यांनी तर पंधरा वर्षे ओलांडली आहेत. अशी गाडी घेताना नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे की नाही, हे आधी पाहावे.

स्वभाव आणि दोष यांत फरक करा

या इंजिनाचा जोर सुमारे २००० फेऱ्यांवर पूर्ण मिळतो. त्याखाली टर्बो पुरेशी हवा देत नाही आणि गाडी सुस्त वाटते. चौकात दुसऱ्या गिअरवर हळू आलेली गाडी एकदम उचलत नाही, घाटात एसी चालू असताना दम लागतो. हा इंजिनाचा स्वभाव आहे. वेळीच गिअर उतरवणे हाच त्यावर उपाय. परंतु काल सहज चढणारी गाडी आज त्याच चढावर अडत असेल, तर तो दोष समजावा.

स्वस्त तपासणी आधी

१) टायरमधील हवा पाहा. नंतर थोडी गाडी चालवून चारही चाकांजवळ हात न्या. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर ब्रेक चिकटत आहे.

२) एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर तपासा. धुळीने भरलेला एअर फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो. डिझेल फिल्टर तुंबला किंवा त्यात पाणी साचले तर गाडी झटके देते आणि चढावर बसते.

३) सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये जोरात रेस द्या. फेऱ्या वाढल्या पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. ओझे वाहणाऱ्या आणि गर्दीत चालणाऱ्या गाडीत हे हमखास घडते.

४) रेस देताना शिटीसारखा आवाज, काळा धूर आणि जोर कमी, अशी तिन्ही लक्षणे दिसली तर टर्बोच्या हवेचा पाईप फाटला किंवा निसटला असण्याचा संभव मोठा. टर्बो बदलण्याआधी पाईप पाहावा.

५) इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी ठरावीक वेगापुढे जाईना, तर संगणकाने स्वतःच जोर कमी केला आहे. स्कॅनर लावून कोड वाचावा. काजळी धरलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा खराब सेन्सर यांतून हे होऊ शकते.

कारागीर बंधूंसाठी एक इशारा. चालू इंजिनात इंजेक्टरचे पाईप सैल करण्याची जुनी पद्धत येथे वापरू नये. या पाईपांत हजार बारहून अधिक दाब असतो. ती धार कातडी फोडून आत शिरते.

खरा आजार कोणता?

निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर सुरू राहिला आणि कूलंट कमी होत गेले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ऑईल बदलण्यात हयगय झालेल्या इंजिनात टायमिंग चेन सैल होते आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू येते. ऑईलचे झाकण उघडल्यावर धुराचे जोरदार झोत येत असतील, तर कारागीर ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो आजार आहे. अशा वेळी इंजिन उघडणे योग्य, पण त्याआधी वरची यादी पूर्ण झालेली असावी.

सौदा करणाऱ्यांसाठी

विकणाऱ्याने इंजिन आधीच तापवून ठेवले तर खडखड ऐकू येत नाही. दाट ऑईल घातले तर धूर काही दिवस दबतो. मीटर मागे फिरवला तर टॅक्सीत झिजलेली गाडी घरगुती ठरते. बाजारात याला हुशारी म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. मीटर फिरवलेली गाडी म्हणजे आतून ओला असलेला तोच ढीग होय. लपवलेला दोष नंतर उघड झाला तर खरेदीदाराला सौदा मोडण्याचा हक्क इस्लामी व्यवहारशास्त्राने दिला आहे.

म्हणून विकणाऱ्याने दोषांची चिठ्ठी लिहून द्यावी आणि त्याप्रमाणे किंमत कमी घ्यावी. घेणाऱ्याने सकाळी, थंड इंजिनावर, आपल्या कारागिरासह गाडी पाहावी. कारागिराने काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा. पाईप फाटला असताना टर्बोचे पैसे घेणारा ग्राहक एकदाच मिळवतो. खरे सांगणाऱ्याकडे तोच ग्राहक भावाला आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतो. बरकत अशाच कमाईत आहे.