अनुभवी पाणबुड्यांनो, सांधेदुखी अंगावर काढू नका!

मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग आता नवे राहिलेले नाही. मार्गदर्शकाबरोबर पाच-सात मीटर पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला आजच्या लेखातील विकाराचे भय फारसे नसते. मला बोलायचे आहे ते भर समुद्रातील प्रवाळांवर बुडी घेणाऱ्या सरावलेल्या पाणबुड्यांविषयी. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर ‘आंग्रिया बँक’ हे प्रवाळांचे पठार पाण्याखाली आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेल्या या पठाराचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे.

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे २० मीटरवर तो जमिनीवरच्या तिप्पट होतो. या दाबाखाली श्वासातील नत्रवायू रक्तात, चरबीत आणि मज्जारज्जूत विरघळतो. गोटीसोड्याची गोटी दाबताच बुडबुडे कसे उसळतात, ते आपण पाहिलेच आहे. पाणबुडा घाईने वर आला, तर त्याच्या शरीरातही तसेच बुडबुडे होतात. याला डीकंप्रेशन सिकनेस किंवा ‘बेंड्स’ म्हणतात. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. आजचे नियम त्याच वाटेने आले आहेत. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नसावा, ५ मीटरवर तीन ते पाच मिनिटे थांबावे आणि श्वास कधीही रोखू नये.

हे सर्व अनुभवी माणसाला पाठ असते. त्याची चूक पाण्याबाहेर होते. बुडीनंतर खांदा किंवा कोपर दुखू लागते, हातापायांना मुंग्या येतात, अंगावर पुरळ उठते, विलक्षण थकवा वाटतो. तो म्हणतो, “टाकी उचलताना लचक भरली असेल.” मनगटावरच्या संगणकाने मर्यादा ओलांडल्याचे दाखवले नाही, म्हणून तो निर्धास्त असतो. वाचकहो, मर्यादा पाळूनही हा विकार होऊ शकतो. दिवसात अनेक बुड्या घेतल्यास नत्रवायू साचत जातो. बोट लागून उलट्या झाल्या, अंगातले पाणी कमी झाले, तर धोका वाढतो. लक्षणे बहुधा पहिल्या सहा तासांत दिसतात. पाय लुळे पडणे, तोल जाणे, लघवी अडणे ही मज्जारज्जूला इजा झाल्याची खूण समजावी.

अशा वेळी तेल चोळत, शेकत बसू नये. पुन्हा पाण्यात तर मुळीच उतरू नये. रुग्णाला आडवे निजवून शुद्ध प्राणवायू ताबडतोब सुरू करावा. शुद्धीवर असेल व उलटी होत नसेल, तर थोडे थोडे पाणी द्यावे. खरा उपचार म्हणजे दाबकक्षात ठेवून पुन्हा दाब देणे. तिथे पोहोचायला जितका उशीर, तितकी कायमच्या अपंगत्वाची भीती अधिक.

इथेच अंतर आडवे येते. किनारा गाठायला सहा तास लागणार असतील, तर हिशेब करून पाहा. मिनिटाला १५ लिटर या प्रवाहाने १,५०० लिटरचा एक सिलिंडर १०० मिनिटांत संपतो. म्हणजे एका रुग्णासाठी निदान चार सिलिंडर नौकेवर हवेत.

आपल्या भागासाठी आणखी एक सूचना. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये. उंचावर हवेचा दाब कमी होतो व बुडबुडे फुगतात. आंबोलीचा घाटमाथा सुमारे ७०० मीटर उंच आहे. म्हणून खोल बुड्या घेऊन त्याच संध्याकाळी गाडीने घाट चढू नये. रात्री किनाऱ्यावरच मुक्काम करावा. रुग्णाला घाटातून न्यावेच लागले, तर वाटेत प्राणवायू चालूच ठेवावा.

माझ्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या पाणबुड्यांना मी नौकाचालकाला तीन प्रश्न विचारायला सांगतो. प्राणवायू किती तास पुरेल? किनाऱ्याशी संपर्क कसा साधणार? जवळचा चालू दाबकक्ष कुठे आहे? समाधानकारक उत्तर नसेल, तर त्या फेरीस नकार द्यावा. आपल्या घरचे कुणी या व्यवसायात असेल, तर हे कात्रण त्याच्या हाती जरूर द्या.