छायाचित्रातील छाया-प्रकाश आणि तपशील



गेल्या वर्षी आमच्या शाळेचे शिपाईमामा सेवानिवृत्त झाले. त्या दिवशी नववीतील एका विद्यार्थ्याने मोबाइलवर त्यांचे छायाचित्र टिपले. मामा शाळेच्या दारात घंटेखाली उभे, आणि पाठीमागे भर दुपारचे पटांगण. कॅमेऱ्याने प्रकाशाचा अंदाज त्या लखलखत्या पटांगणावरून बांधला, आणि मामांचा चेहरा काळवंडून गेला. चार महिन्यांनी मामा वारले. घरी लावण्याजोगे त्यांचे दुसरे छायाचित्र नव्हते. म्हणून मामी शाळेत आल्या आणि तो चेहरा उजळण्याचे काम संगणक-कक्षाकडे आले. ते करताना आम्ही काय शिकलो आणि कोठे चुकलो, ते येथे सांगावयाचे आहे.

संगणकातील छायाचित्र म्हणजे बारीक चौकोनी बिंदूंची जाळी होय. या बिंदूंस पिक्सेल म्हणतात. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगास ० ते २५५ यांमधील एकेक आकडा दिलेला असतो. शून्य म्हणजे पूर्ण काळोख आणि २५५ म्हणजे नोंदता येईल तेवढा उजेड. कोणत्या आकड्याचे किती बिंदू आहेत हे दाखविणाऱ्या आलेखास हिस्टोग्राम म्हणतात. विनामूल्य मिळणाऱ्या गिंप या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही तो उघडला, तेव्हा दोन डोंगर दिसले. एक डावीकडे, साधारण २० ते ६० या आकड्यांत. ते दार आणि मामांचा चेहरा. दुसरा उजव्या टोकास २५५ वर भिंतीला टेकल्यासारखा, ते पटांगण.

या दुसऱ्या डोंगराविषयी प्रथमच सांगून टाकतो. तेथे शेजारच्या सर्व बिंदूंचा आकडा एकच असल्यामुळे त्यांत फरक उरलेला नाही, आणि जेथे फरक नाही तेथे तपशीलही नाही. पटांगणातील लिंबाची पाने त्या फाइलमध्ये नव्हतीच. ती कितीही खटपट केली तरी परत येणार नव्हती.

चेहऱ्याचे तसे नव्हते. तो काळा असला तरी त्याच्या आकड्यांत फरक शिल्लक होता. येथे ‘कर्व्हज’ हे साधन उपयोगी पडते. त्यात एका चौकोनात तिरपी सरळ रेषा दिसते. आडव्या बाजूस मूळ आकडे, उभ्या बाजूस नवे. रेषेचा डावीकडील भाग वर उचलला की अंधारातले आकडे वाढतात. जेथे रेषा अधिक चढी होते तेथे शेजारच्या छटांतील अंतर वाढते, म्हणजेच उठाव येतो. परंतु रेषेची दोन्ही टोके ० आणि २५५ या ठिकाणी बांधलेली असल्यामुळे एका जागी चढ वाढविला की दुसरीकडे तो उतरतोच. ठरावीक पगारात घर चालविणाऱ्या गृहिणीस हे समजावून सांगावे लागणार नाही. आम्ही चेहऱ्यावर खर्च केला आणि पटांगणाच्या वाट्याला कपात आली. त्याच्यापाशी गमावण्यासारखे फारसे नव्हतेच.

मात्र ताणण्यासही मर्यादा आहे. २० ते ६० म्हणजे प्रत्येक रंगाच्या केवळ ४१ पायऱ्या. त्या तिप्पट जागेत पसरल्या तरी पायऱ्या ४१च राहतात, फक्त त्यांमधील अंतर वाढते. शिवाय अंधारात कॅमेऱ्याने आपल्या पदरचे जे रंगीत ठिपके मिसळलेले असतात, तेही तितकेच ठळक होतात. छायाचित्र रॉ स्वरूपात १२ बिटांचे असते तर एकूण पायऱ्या २५६ ऐवजी ४०९६ मिळाल्या असत्या. असो.

यानंतर ‘अनशार्प मास्क’ची पाळी आली. रेखीवपणा आणणाऱ्या साधनास ‘अस्पष्ट’ असे नाव का, हा प्रश्न मुलांनी लगेच विचारला. हे नाव जुन्या अंधारखोलीतून आले आहे. तेथे मूळ चित्राची मुद्दाम अंधुक केलेली प्रत त्यावर ठेवून छपाई करीत. संगणक तेच आकडेमोडीने करतो. समजा, एका ओळीत १००, १००, १५०, १५० असे बिंदू आहेत. शेजाऱ्यांशी सरासरी काढून अंधुक केल्यावर मधले दोन सुमारे ११२ आणि १३८ होतात. मूळ आणि अंधुक यांतील फरक पहिल्यास उणे १२ आणि दुसऱ्यास अधिक १२. हा फरक मुळात मिळविला की ८८ आणि १६२. कडेवरील अंतर ५० होते, ते ७४ झाले! नवा तपशील एकही आला नाही. केवळ कडेची काळी बाजू अधिक काळी आणि उजळ बाजू अधिक उजळ झाली. कडेपाशी आपला डोळाही असाच फरक वाढवून पाहतो, ही गोष्ट अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्येच नोंदविली होती.

आमची चूक येथेच झाली. रेखीवपणा दिसू लागला तसा हात थांबेना. ठिपके घालविण्यासाठी आम्ही त्वचा गुळगुळीत केली, मग कडा खेचल्या. पडद्यावर सर्वांनी वाहवा केली. मामींनी मात्र ती प्रत हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, “बाळांनो, हे आमचे नव्हेत.” मामांच्या डाव्या भुवईवर लहानपणच्या जखमेचा व्रण होता. गुळगुळीत करताना तो ठिपक्यांबरोबर पुसला गेला होता.

सुदैवाने मूळ फाइलची प्रत आम्ही बाजूस ठेवली होती. जेपेग पुनःपुन्हा जतन केली की दर वेळी थोडी झीज होते, म्हणून ही सावधगिरी अवश्य घ्यावी. दुसऱ्या खेपेस कर्व्हज हलक्या हाताने आणि मास्कच्या साहाय्याने फक्त चेहऱ्यापुरते वापरले. ठिपके बरेचसे तसेच राहू दिले. प्रतीचा आकार ठरविल्यानंतर, अगदी शेवटी, डोळे, भुवया आणि मिशा एवढ्यांनाच किंचित रेखीवपणा दिला. दार काळोखातच राहिले, पटांगण पांढरेच राहिले.

ती प्रत मामींनी प्रथम खिडकीजवळ नेली. चष्मा पुसून पाहिले, भुवईवर बोट ठेवले, आणि ती पदराखाली धरून त्या घरी गेल्या.